उपज रक्तात नसते

माझा भाचा जालन्यात लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. सिनेमाचं गाणं ऐकलं की तासाभरात बसवतो. पण मनाने चार सूर वाढवायचे म्हटले की अडतो. म्हणून तो एका जाणत्या वादकाकडे गेला. उत्तर मिळालं, "बेटा, ये तो खुदा की देन है, खून में होना चाहिए." पोरगा मान खाली घालून परतला.

हे उत्तर मला मान्य नाही. त्यात नम्रता दिसते, पण प्रत्यक्षात तो दार बंद करण्याचा प्रकार आहे.

आपल्या जालन्यापासून देवगिरी फार लांब नाही. तेराव्या शतकात तिथे, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सुरांचे क्रम पालटण्याचा हिशेब त्यात आहे. तीन सूर घ्या: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. झाले सहा क्रम. चार सुरांचे 24, सातांचे 5040. हाच मेरुखंड. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यातल्या मुसलमान उस्तादांनी तो गळ्यावर चढवला. उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीचा तो पायाच होता. त्यांचं गाणं यांत्रिक आहे असं कोण म्हणेल?

जॅझचंही तसंच. ऐकणाऱ्याला वाटतं, मनात येईल ते वाजवतात. पण शिकणारा एकच तुकडा बाराही स्वरांवरून घोटतो, कुठल्या कॉर्डवर कुठले सूर बसतात ते पाठ करतो. 1967 मध्ये अमेरिकेत जेमी एबरसोल्ड यांनी एक रेकॉर्ड काढली. तिच्यात फक्त साथसंगत. उपज शिकणाऱ्याने करायची. ज्याला गुरू मिळाला नाही, त्याचीही सोय झाली.

घराण्यांनी विद्या जपली, त्यांचे उपकार आहेतच. पण जपणं वेगळं, लपवणं वेगळं. आणि सगळं 'देन' म्हटलं, तर उस्तादांनी वर्षानुवर्षं केलेल्या रियाजाची किंमत काय? प्रतिभा नसते असं मी म्हणत नाही. पण ती कुणात आहे, हे शिकवल्याशिवाय कळणार कसं? बँडवाल्याच्या पोराला आधी हिशेब तरी सांगा.

भाच्याला मी ते सहा क्रम वहीत लिहून दिलेत. ते बोटांत बसले की चौथा सूर.