नकाशावरचा निळा रंग रिकामा नाही

मोबाइल हातात आहेच, तर मॅप उघडा. भाईंदर पश्चिमेपासून बोट पुढे सरकवत न्या. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, मग उत्तन, पाली, चौक. रस्ते दिसतील, शाळा दिसतील, चर्च, बसस्टॉप, कुठल्या हॉटेलला किती स्टार मिळालेत तेही दिसेल. आणि मग एकदम सगळं संपतं. पुढे नुसता निळा रंग. ना नाव, ना खूण.

तुमच्यापैकी बरेच जण वीकेंडला त्या निळ्या रंगासमोर बसून फोटो काढतात. मीही काढते. इन्स्टावर ‘सी लव्हर’ लिहायला काय जातंय? पण एकदा उत्तनला बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींना मी सहज विचारलं, ‘‘मावशी, इथे बीचवर गर्दी नसते का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बीच कुठला? हे आमचं खळं आहे.’’ मी ज्याला मोकळी जागा समजून उभी होते, ती त्यांची मासळी सुकवायची जागा होती. माझ्या मॅपवर तिथे काहीच नव्हतं.

हा लेख त्या ‘काहीच नव्हतं’बद्दल आहे. कारण जे नकाशावर नसतं, ते जमिनीवरही नाही असं धरून निर्णय घेणं फार सोपं असतं. आणि आपल्या किनाऱ्याबद्दलचे मोठे निर्णय नेमके आत्ता घेतले जात आहेत.

आत्ताच का?

वर्सोवा ते भाईंदर असा सागरी किनारा मार्ग येतोय. त्यासाठी ४५ हजारांहून जास्त खारफुटीची झाडं बाधित होणार आहेत आणि डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली. दुसरीकडे एमएमआरडीएचा उत्तन-विरार सागरी सेतू आहे. जोडरस्ते धरून सुमारे ५५ किलोमीटरचा हा प्रकल्प. उत्तनपासून वसईपर्यंतच्या मच्छीमार संघटनांचा त्याला विरोध आहे, कारण तो ज्या पाण्यावरून जाणार तिथे त्यांची जाळी असतात.

सकाळी भाईंदरला विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला ‘रस्ता कशाला हवा’ असं मी सांगणार नाही. रस्ता हवाच आहे. प्रश्न वेगळा आहे. रस्त्याची रेघ ज्या निळ्या-हिरव्या रंगावरून ओढली जाते, त्या रंगाखाली काय आहे याची नोंद कोणाकडे आहे? डोल जाळी कुठे लागतात, कुठल्या खडकावर कालवं मिळतात, कुठल्या खाजणात कोणते पक्षी उतरतात, भाईंदरच्या मिठागरांवर थंडीत काय दिसतं? ही माहिती आहे, पण कोळ्यांच्या डोक्यात आहे, पक्षीनिरीक्षकांच्या वहीत आहे आणि तुमच्या-माझ्या फोनच्या गॅलरीत पडून आहे. एका जागी नाही. एका जागी नसलेली माहिती सुनावणीच्या टेबलावर पोहोचत नाही.

मुंबईने काय केलं?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. आयडिया साधी होती. ओहोटीच्या वेळी लोकांना हाजी अली, गिरगाव, जुहूसारख्या किनाऱ्यांवर न्यायचं, खडकांच्या डबक्यांत काय जिवंत आहे ते दाखवायचं आणि दिसलेल्या प्रत्येक जीवाचा फोटो जागेसह, तारखेसह ऑनलाइन नोंदवायचा. ज्या समुद्राला आपण ‘घाण’ म्हणून मोकळे होतो, त्यात समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, समुद्रफुलं, प्रवाळ, असं शेकडो जातींचं जग नोंदलं गेलं.

या नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’ या प्लॅटफॉर्मवर जातात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याची सुरुवात केली, तीही मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून. (आपल्या प्रोजेक्टचं सबमिशननंतर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.) तिथे तुम्ही फोटो टाकता, जीवाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. जगातलं कोणीतरी ओळख सुचवतं, दुसरं कोणीतरी ती तपासतं. फोटो, तारीख, ठिकाण हे सगळं असेल आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं, की त्या नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का मिळतो. म्हणजे एकट्यादुकट्याच्या शब्दावर काही चालत नाही. म्हणूनच संशोधक या नोंदी वापरू शकतात.

आता याचं महत्त्व बघा. मुंबईच्या कोस्टल रोडचा वाद कोर्टात गेला तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ हा त्यातला एक मुद्दा होता. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. १६ जुलै २०१९ ला उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगीही लागेल असं सांगितलं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे सुरू करू दिलं. पण २०२० मध्ये, वन विभागाची परवानगी घेऊन, ते प्रवाळ काढून दुसरीकडे लावावे लागले. रस्ता झालाच, २०२४ पासून त्यावरून गाड्याही धावतायत. प्रवाळ हलवणं पुरेसं होतं का, यावर वाद घालता येईल. पण ‘इथे काही नाही’ असं मात्र कोणाला म्हणता आलं नाही. नोंदीची ताकद इतकीच असते, आणि ती कमी नाही.

कोळीवाड्याची नोंद

मासे-शंखांपुरतंच हे नाही. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापनाचे जे आराखडे बनतात, त्यात मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, मासळी सुकवायच्या जागा दाखवणं अपेक्षित आहे. मच्छीमार संघटनांची तक्रार वर्षानुवर्षं हीच आहे, की या जागा नकाशात नीट येत नाहीत. मावशींचं ते खळं आठवतंय ना? नकाशात ते ‘खळं’ असेल तर त्याला एक अर्थ आहे. ‘मोकळी जागा’ असेल तर तिथे पार्किंगही होऊ शकतं आणि प्रोमेनेडही.

फोटोची किंमत कोळ्यांना आपल्याआधी कळली आहे, हेही सांगायला हवं. जाळ्यात कासव, देवमासा असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्य सरकारने २०१८ च्या शेवटी आणली. पुरावा काय? फोटो, व्हिडिओ. त्यातून किनाऱ्यावर कुठे कोणता जीव जाळ्यात सापडतो याची माहितीही जमत गेली. समुद्रात रोज जाणारा माणूस नोंद करायला लागला, की ती नोंद आपल्या रविवारच्या फेरीपेक्षा कितीतरी पक्की असते.

पण थांबा, नकाशा घातही करतो

आता लगेच ग्रुप काढून पिन टाकत सुटू नका. आधी तीन गोष्टी.

पहिली, जागा उघड करणं नेहमीच चांगलं नसतं. दुर्मिळ जीवाचं नेमकं ठिकाण जाहीर केलं, की बघायला आधी गर्दी येते आणि मागोमाग उचलून नेणारेही. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं, आणि इतर नोंदींचंही तुम्ही करू शकता. व्हॉट्सअॅपवर लोकेशन फिरवण्यात ही सोय नाही.

दुसरी, कोळ्यांची माहिती ही कोळ्यांची आहे. कुठल्या महिन्यात मासा कुठे लागतो, हे त्यांचं पिढ्यांचं भांडवल. ते आपण ‘कम्युनिटी मॅपिंग’च्या नावाखाली सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं, तर फायदा मोठ्या ट्रॉलरवाल्यांचा होईल. काय नकाशावर टाकायचं आणि काय नाही, हे त्यांनी ठरवायचं. त्यांना बाजूला ठेवून बनवलेला सागरप्रेमींचा नकाशा हा आणखी एक बाहेरच्यांचा नकाशाच ठरेल.

तिसरी, अभ्यासातली गोष्ट. आपण जिथे जातो तिथल्याच नोंदी होतात. बसस्टॉपजवळच्या किनाऱ्यावर शंभर पिन आणि चिखलाच्या खाडीत एकही नाही, याचा अर्थ खाडीत जीव नाहीत असा होत नाही. नाहीतर आपणच नवीन ‘काहीच नव्हतं’ तयार करू.

मग तुम्ही काय करू शकता?

मीरा-भाईंदरमध्ये कॉलेजं आहेत, स्मार्टफोन आहेत, आणि एका शहरात उघडा समुद्र, खाडी, खारफुटी, मिठागरं असं सगळं आहे. बायोलॉजीवाल्यांना जीव ओळखता येतील, कॉम्प्युटरवाल्यांना नकाशाचे थर रचता येतील, आपल्या मास कॉमवाल्यांना माणसांशी बोलता येतं, निदान यायला हवं. आणि उत्तन, पाली, चौकची मुलं तुमच्याच वर्गात बसतात. सुरुवात त्यांच्यापासून करा, कारण त्यांच्या घरी हा नकाशा आधीच तयार आहे.

फार मोठं काही नको. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात जास्त आत जाते, ते दिवस भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून ठेवा. कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाला विचारून जा, पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका, आणि पाणी वळायच्या आत परत या. दगड उलटा केलात तर पुन्हा तसाच ठेवा. काही उचलून आणू नका, फोटो आणा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, वर्षभर. एका जागेच्या बारा महिन्यांच्या नोंदी या बारा जागांच्या एकेका सेल्फीपेक्षा कामाच्या असतात, कारण त्यातून बदल दिसतो. खळी, होड्या लावायच्या जागा, उतरायच्या वाटा यांची नावं लोकांच्या संमतीने ओपनस्ट्रीटमॅपवर घालता येतात. तो नकाशा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतायत, आणि त्यात मराठी नावंही टाकता येतात.

यामुळे प्रकल्प थांबतील, असं आश्वासन मी देत नाही. कोस्टल रोड थांबला नाही. पण पुढची सुनावणी लागेल, आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा ‘आमचा समुद्रावर जीव आहे’ एवढंच सांगणारा आणि वर्षभराच्या तारीख-ठिकाणासह नोंदी टेबलावर ठेवणारा, यांच्यात फरक असेल. पहिल्याला लोक भावनिक म्हणतात. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

मावशींना मी नंतर विचारलं, तुमचं खळं मॅपवर टाकू का? त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, ‘‘टाक. पण नाव नीट लिही.’’

तेवढं आपल्याला जमायला हवं.