शब्दांची ओळख : 'तुमचा' रिलेशनशिप मॅनेजर

मागच्या आठवड्यात आपण 'कारकून' या जुन्या शब्दाची ओळख करून घेतली. आज एक नवा आणि चांगला भारदस्त शब्द घेऊ या. घरातल्या टेबलाचा खण उघडून बघा. जुनी बिलं, लग्नपत्रिका यांच्यात बँकेतल्या कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड सापडेल. त्यावर नावाखाली लिहिलेलं असेल, 'रिलेशनशिप मॅनेजर'. हीच मंडळी फोनवर सांगतात, "नमस्कार, मी तुमचा आरएम बोलतोय."

रिलेशनशिप म्हणजे नातं, संबंध. मॅनेजर म्हणजे व्यवस्थापक. मग हा काय मामा-मावशीचं भांडण मिटवायला येतो? नाही बरं का! इथलं नातं आहे बँक आणि तिचा ग्राहक यांचं. ते सांभाळणारा, वाढवणारा माणूस म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर. बँकेतला कॅशियर नोटा सांभाळतो, तसा हा माणसं सांभाळतो. एखादा फॉर्म अडला, कर्जाची माहिती हवी असली, लॉकर हवा असला की ग्राहकाने त्याला विचारायचं. दहा खिडक्यांवर हिंडण्यापेक्षा एका ओळखीच्या माणसाला विचारणं केव्हाही सोपं, नाही का?

असा मधला माणूस आपल्याकडे नवा नाही. बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो. शेअर बाजारात दलाल असत. 'दलाल' हा शब्द मुळात अरबी. मुंबईच्या शेअर बाजाराच्या रस्त्याला आजही दलाल स्ट्रीट म्हणतात. पुढे या शब्दाला वाईट वास लागला आणि लोक 'ब्रोकर' म्हणू लागले. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. त्याची पॉलिसी घेऊन घरी येणारे काका स्वतःला विमा प्रतिनिधी म्हणत. प्रतिनिधी कुणाचे? महामंडळाचे. नावातच सगळं उघड होतं.

आता आपल्या शब्दाकडे परत या. 'रिलेशनशिप मॅनेजर' या नावात विक्रीचा उल्लेख कुठे दिसतो का? नाही. पण बऱ्याच बँकांत या माणसाला ठेवींबरोबर विमा आणि म्युच्युअल फंडही विकायचे असतात. महिन्याला इतकी विक्री झालीच पाहिजे, असं टार्गेट असतं. विमा विकला की विमा कंपनी बँकेला कमिशन देते. म्हणजे फोनवर तो 'तुमचा आरएम' म्हणाला, तरी त्याचा पगार कोण देतं? बँक! हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं नीट कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका आजोबांची पाच लाखांची मुदत ठेव संपली. ते बँकेत गेले. आरएमने चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाला, "आजोबा, हे एफडीसारखंच आहे, पण फायदा जास्त." आजोबांनी विश्वासाने सही केली. वर्षभराने पत्र आलं, 'दुसरा हप्ता पाच लाख रुपये भरावा.' अरेच्चा! ती ठेव नव्हतीच. ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. आजोबांची पेन्शन बेताची. हप्ता भरायचा कुठून? आणि पॉलिसी मध्येच बंद केली तर मोठं नुकसान. यात विमा ही वस्तू वाईट नव्हती. पण ती त्यांच्या गरजेची नव्हती, आणि ती विमा आहे हेच त्यांना कळलं नव्हतं.

हुद्द्याच्या नावाने गैरसमज होऊ शकतो, हे सरकारी यंत्रणांनाही ठाऊक आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या 'सेबी'ने २०२० साली नियम केला. जो म्युच्युअल फंड विकतो, पण सल्लागार म्हणून ज्याची नोंदणी नाही, त्याने स्वतःला 'वेल्थ ॲडव्हायझर' किंवा 'इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर' म्हणवून घ्यायचं नाही. विकणारा वेगळा, सल्ला देणारा वेगळा!

मग आपण काय करायचं? घरातलं कुणी सही करणार असेल तेव्हा जवळ बसा आणि हे चार प्रश्न विचारायची आठवण करून द्या.

१. ही बँकेची ठेव आहे, विमा आहे की म्युच्युअल फंड?
२. पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी? किती वर्षं?
३. मध्येच गरज लागली तर किती परत मिळतील?
४. हे सगळं कागदावर लिहून देता का?

चौथा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. तोंडी आश्वासन हवेत विरतं, कागद राहतो. आणि सही होऊन गेली असेल तरी घाबरू नका. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. थोडा खर्च कापून बाकीचे पैसे मिळतात. म्हणून पॉलिसीचं पाकीट आलं की ते न उघडता कपाटात ठेवायचं नाही!

आणखी एक गोष्ट. 'मी तुमचा आरएम' असं सांगून कुणी ओटीपी किंवा पिन मागितला, तर सरळ फोन ठेवून द्या. खरा आरएम तो कधीच मागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग ही नोकरीच वाईट का? मुळीच नाही! तुमच्यापैकी काहीजण उद्या याच हुद्द्यावर काम करतील. त्यासाठी हिशेब पक्का हवा, बोलणं गोड हवं आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय हवी. चांगला आरएम "आजोबा, हे तुमच्या उपयोगाचं नाही" असंही सांगतो. त्या दिवशी त्याची विक्री बुडते, पण आजोबा पुढची वीस वर्षं त्याच्याकडेच येतात. नातं सांभाळणं म्हणतात ते याला!

या आठवड्याचा अभ्यास : खणातली व्हिजिटिंग कार्डं काढा. प्रत्येक हुद्द्यापुढे दोन गोष्टी लिहा. हा माणूस काय काम करतो? याचा पगार कोण देतं? उत्तर अडलं तर आई-बाबांना विचारा. कदाचित तेही विचारात पडतील!

आणि पॉलिसीच्या बारीक अक्षरांसाठी आपलं जुनं वाक्य आहेच : वाचाल तर वाचाल!