वस्तू आपल्या, नजर कोणाची?

हस्तकलेच्या प्रदर्शनात आपल्या माणसांच्या हातच्या वस्तूंना तोटा नसतो. मडकं, टोपली, घोंगडी, चप्पल, सगळं तिथे असतं. पण कोणती वस्तू आत घ्यायची आणि कोणाच्या नावापुढे ‘कलाकार’ लिहायचं, कोणाच्या पुढे नुसतं ‘कारागीर’, हे ठरवणाऱ्या खुर्चीत आपण क्वचितच दिसतो. ती खुर्ची क्युरेटरची. पहिल्या पिढीतल्या पदवीधरांनी या करिअरकडे गांभीर्याने पाहावं, असं मला वाटतं.

मी ज्या बंगळुरात पीएचडी करते, तिथलंच उदाहरण घेऊ. कला-इतिहासकार अन्नपूर्णा गरिमेला यांनी इथे ‘जॅकफ्रूट रिसर्च अँड डिझाइन’ ही संस्था उभी केली. २०१०-११ मध्ये त्यांनी गुरगावच्या देवी आर्ट फाउंडेशनमध्ये ‘व्हर्नाक्युलर, इन द कंटेम्पररी’ हे प्रदर्शन मांडलं. लोककला आणि आदिवासी कला ‘परंपरा’ म्हणून वेगळ्या कोपऱ्यात न ठेवता आजची, समकालीन कला म्हणून त्यांचा विचार केला. २०१७ मध्ये मुंबईच्या पिरामल म्युझियम ऑफ आर्टमध्ये सिंधुरा डी. एम. यांच्यासोबत त्यांनी १९४७ नंतरच्या माती आणि सिरॅमिक कलेचं ‘म्युटेबल’ हे प्रदर्शन केलं. क्युरेटर काय करू शकतो, ते यातून कळतं. एका निर्णयाने वस्तूची जागा बदलते, तिची किंमत बदलते.

हे काम मोलाचं आहे. ते मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. वस्तू शेजारी-शेजारी आल्या, पण माणसं आली का? कोणतंही प्रदर्शन संपलं की क्युरेटरच्या नावावर कॅटलॉग, निबंध आणि पुढचं निमंत्रण जमा होतं. कारागिराला फार तर एखादी ऑर्डर मिळते. हा कोणा एका क्युरेटरचा दोष नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जात नुसत्या कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. प्रदर्शनाच्या दालनातही तीच उतरंड आहे. हात खाली, डोळे वर.

या डोळ्यांना ‘नजर’ म्हणतात, जणू ती जन्मजात देणगी. समाजशास्त्रज्ञ पिअर बुर्दिय यांनी १९७९ च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात दाखवलं की अभिरुची घरातून आणि शाळेतून घडते. आपल्याकडे तर ती सातबाऱ्यासारखी वारशाने मिळते.

कोल्हापुरी चप्पल पाहा. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. कर्नाटकच्या बाजूने ते ज्या लिडकर महामंडळाकडे आहे, त्याचं मुख्यालय बंगळुरातच. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला आणल्या, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं. ओरड झाली, मग मूळ मान्य केलं गेलं. चामडं कमावणाऱ्यांच्या वाट्याला विटाळ आला, आणि तीच चप्पल दुसऱ्याच्या नजरेने निवडली की ‘डिझाइन’ झाली.

मग आपण तिथे का नाही? मी इथल्या एका कलासंस्थेत सहायकाच्या कामाची चौकशी केली होती. पहिले सहा महिने मानधन नाही, असं उत्तर आलं. बंगळुरात सहा महिने घरभाडं कोण भरणार? बिनपगारी उमेदवारी ही चाळणीच आहे. तिच्यातून गुणवत्ता नाही, बापाचा खिसा गाळून निघतो.

कोणी म्हणेल, चाक आणि आरी सोडायलाच तर आपण शिकलो. बरोबर आहे. मुलांनी पुन्हा चाकावर बसावं असं मी म्हणत नाही. परीक्षकाच्या खुर्चीत बसावं, असं म्हणते. कोणती माती भट्टीत तडकते, कातडं कमावताना हाताला काय होतं, मजुरी कुठे बुडते, हे ज्ञान आपल्या घरात आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं. त्या वर्गात आपली मुलं बसली पाहिजेत.

आणि मागण्याही ठरवून करू. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक हस्तकला प्रदर्शनाच्या निवड समितीत कारागीर जातींतले शिकलेले लोक हवेत. उमेदवारीला वेतन हवं. वस्तूखालच्या पाटीवर करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि त्याला मिळालेले पैसे हवेत. ‘अनामिक कारागीर’ ही पाटी आता उतरवायची वेळ आली आहे, आणि ती उतरवायला आपलाच माणूस आत लागेल.

जय भीम.