आईचा शालू

ऊर्जानगरच्या वसाहतीत 1991 साली ताईचे लग्न झाले. त्याची व्हिडिओ कॅसेट परवा संगणकात उतरवू लागलो, तो सारे करडे! आईचा शालू हिरवा की जांभळा, हा आम्हा भावंडांचा जुना वाद. सांगायला आई आता नाही. फीत विटली समजून टाकूनच देणार होतो. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पद्धत कोणती निवडलीत?"

वाचकहो, चूक माझीच! 1982 साली भारतात रंगीत दूरदर्शन आले ते 'पाल' पद्धतीचे. मी निवडली होती फ्रान्सची 'सेकाम'. दोहोंच्या रेघा 625, म्हणून चित्र स्थिर. रंग वाहून नेण्याची रीत मात्र निराळी.

'पाल' निवडले. शालू हिरवा! ताईला फोन करून हार कबूल केली.