गाण्याचे कर्ते किती? फड, बँड आणि गिटारवादकाचा वाटा

एखादे गाणे चारपाच जणांनी एका खोलीत बसून घडवले तरी त्याचे कर्ते दोनच, शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा, उरलेले सारे साथीदार, हा समज मराठी संगीतव्यवहारात इतका मुरला आहे की त्यासाठी काही पुरावा द्यावा लागतो असे कोणाला वाटतही नाही. नाशिक परिसरात शाहिरीची आणि जलशाची परंपरा अजून कानावर आहे आणि त्याच परिसरातले तरुण गिटार, ड्रम, कीबोर्ड घेऊन स्वतःची गाणी रचू लागले आहेत; तेथे हा समज तपासून पाहणे निकडीचे झाले आहे, कारण गाणे गाजल्यावर बँडमध्ये पहिली ठिणगी पडते ती नावावरून आणि नावामागून येणाऱ्या पैशावरून. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ज्याच्या कल्पनेमुळे गाण्याला ओळख मिळाली तो केवळ वाजवणारा म्हणून ओळखला जात असला तरी गाण्याचा सहकर्ता आहे आणि त्याचे नाव कर्त्यांतच लागले पाहिजे. परंतु केवळ बँडचा सभासद आहे एवढ्यावरून कोणी सहकर्ता ठरत नाही.

पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते मत, आधी त्याच्या बळकट रूपात मांडणे न्यायाचे होय. पूर्वपक्षी म्हणतो की साथ बदलली तरी गाणे तेच राहते. हार्मोनियमवर म्हटले काय आणि गिटारवर म्हटले काय, शब्द आणि चाल टिकली की गाणे टिकले, म्हणून जे वगळूनही गाणे उरते ते गाण्याचे अंग नव्हे. वादकाला त्याच्या कामाचे मानधन मिळते, त्यामुळे त्याचा हिशेब तेथेच पुरा होतो, असेही तो म्हणतो. शिवाय आपल्या लोककलेत नावाचा हव्यास कधी नव्हता, फडातले सारे एकजीव होऊन गात, श्रेयाची वाटणी हे परदेशी बँडांचे आणि त्यांच्या वकिलांचे खूळ आहे, असा त्याचा शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप असतो.

हा शेवटचा आक्षेप प्रथम घेतला पाहिजे, कारण तो परंपरेच्या नावाने केला जातो आणि परंपरा नेमके उलटे सांगते. शाहिरी काव्यात मुद्रा, म्हणजे रचनेच्या शेवटच्या कडव्यात गुंफलेले कर्त्याचे नाव, ही केवळ सजावट नसून मालकीची आणि जबाबदारीची खूण असते. उत्तर पेशवाईत पुण्यात गाजलेल्या फडात होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा करंजकर ती गाई. तरीही मराठी जग त्या लावण्यांना एकट्या होनाजीच्या नावाने ओळखत नाही, ‘होनाजी बाळा’ या जोडनावाने ओळखते, इतके की पुढे अनेकांना ही एकाच माणसाची नाममुद्रा वाटली. रचणारा आणि गळ्यातून ती उभी करणारा असे दोघे एका मुद्रेत बसले, ही गोष्ट विलायतेतल्या कोणत्याही बँडच्या पुष्कळ आधीची आहे. शाहीर प्रभाकराच्या कितीतरी रचनांच्या शेवटी त्याच्या नावाबरोबर गंगू हैबती आणि महादेव ही फडातली नावेही येतात. त्या प्रत्येकाचा वाटा किती होता हे मुद्रेवरून कळत नाही हे खरे, पण फडाला आपल्या माणसांची नावे गाण्यातच टिकवावीशी वाटली एवढे त्यावरून निर्विवाद ठरते, आणि ‘आपल्याकडे नावाचा विचारच नव्हता’ हे विधान उभे राहू शकत नाही.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा मुद्दा आणखी धारदार होतो. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि त्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा, म्हणजे गाणी, सवालजवाब आणि छोटी नाट्ये यांतून समतेचा विचार गावोगाव नेणारा कलापथकाचा प्रकार, उभा केला. त्याच मातीत सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक यांनी हजारो गाणी रचली आणि बहुधा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव ठेवले. ही गाणी छापील पुस्तकातून नव्हे, गायन पार्ट्यांच्या तोंडून पसरली. ज्याचा आवाज मोठा, ज्याची ध्वनिफीत खपली, त्याचे ते गाणे असे लोक समजू लागले, आणि शेवटचे कडवे गाळले गेले की कर्त्याचे नावही त्याबरोबर गळून पडे. ज्या माणसाला कागदावरचे हक्क पुरेसे मिळाले नाहीत त्याच्यासाठी मुद्रा हाच कागद होता. अशा परंपरेला नावाविषयी उदासीन म्हणणे हे अज्ञान नसेल तर अन्याय आहे.

नाव म्हणजे नुसती कौतुकाची थाप असे मानणाऱ्यांनी नाशिकचाच आणखी एक दाखला आठवावा. मित्रमेळा आणि पुढे अभिनव भारत या संघटनांची गाणी रचणारे गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे स्वातंत्र्यकवी गोविंद, याच शहरातले. आणि ‘लघु अभिनव भारतमाला’ ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाण्याशी जोडलेले नाव अंदमानापर्यंत नेऊ शकते हे ज्या गावाने पाहिले, त्या गावात तरी श्रेयाला पोकळ मान म्हणता येणार नाही. जो गाण्याचे परिणाम सोसायला उभा राहतो त्याचे नाव त्या गाण्यापाशी असणे हा सत्याचा प्रश्न आहे.

आता वगळण्याच्या कसोटीकडे वळता येईल. जे काढूनही गाणे उरते ते गाण्याचे अंग नव्हे, हा नियम मनापासून लावला तर आधी गीतकारच बाहेर पडतो, कारण शब्द काढले तरी चाल गुणगुणता येते. मग संगीतकारही बाहेर पडतो, कारण भीमगीतांच्या परंपरेत लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर नवे शब्द बसवले गेले, त्याच शब्दांना पुढे दुसऱ्या चाली मिळाल्या, आणि तरीही लोकांनी ते गाणे तेच मानले. जी कसोटी प्रत्येक कर्त्याला बाद करते तिच्यावरून एकट्या वादकाला बाद करता येत नाही. योग्य प्रश्न वेगळा आहे: दुसऱ्या कोणी हे गाणे सादर करायचे ठरवले, तर ऐकणाऱ्याला ते ओळखू येण्यासाठी त्या वादकाने रचलेली स्वरावली वाजवावीच लागते काय?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांनी दोन प्रकरणांत दोन प्रकारे दिले आहे, आणि पूर्वपक्षी त्यातले एकच सांगतो. स्पँडाऊ बॅले या बँडचा गिटारवादक आणि गीतकार गॅरी केम्प याच्याविरुद्ध गायक, ड्रमवादक आणि सॅक्सोफोनवादक अशा तिघा सहकाऱ्यांनी दावा केला, तो १९९९ साली फेटाळला गेला. केम्पच्या मनात गाणी बँडपुढे येण्याआधीच पुरी झाली होती आणि बाकीच्यांनी केले ते त्या रचनेचे सादरीकरण होते, असे न्यायालयाने मानले. याउलट प्रोकोल हारम या बँडच्या १९६७ सालच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ या गाण्यातील ऑर्गनची स्वरावली रचणारा मॅथ्यू फिशर याला २००६ साली संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा देण्यात आला, आणि मधल्या अपिलात पैशाचा हक्क गेला तरी २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो त्याला पुन्हा मिळवून दिला. गाणे प्रसिद्ध होऊन चार दशके उलटली होती, तरी हक्क बुडाला नाही, कारण ती स्वरावली वगळून ते गाणे कोणाच्या कानात वाजतच नाही. दोन निकालांत विरोध नाही. पहिल्यात गाणे तयार होऊन बँडकडे आले, दुसऱ्यात त्याचा एक अविभाज्य भाग बँडमध्ये जन्मला. फरक कालक्रमाचा आहे, हुद्द्याचा नाही.

भारतीय कायद्याची दिशाही हीच आहे, जरी आपल्याकडे तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील मूळ व्याख्येनुसार संगीतकृती लिहिलेली किंवा छापलेली असणे आवश्यक होते, त्यामुळे तोंडी परंपरेतला रचनाकार त्या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेरच उभा होता. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि स्वरलेखन केलेले असो वा नसो, संगीत रचणारा तो संगीतकार, असे ठरवले. गिटारच्या तारांवर बोटांनी रचलेली आणि कागदावर कधीच न उतरलेली स्वरावलीही तेव्हापासून रचना ठरू शकते. संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या तर कायद्यात आहेच: दोघांनी किंवा अधिक जणांनी मिळून केलेली, आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती. बँडच्या तालमीत चार तास घासून निघालेल्या चालीचे याहून नेमके वर्णन दुसरे नाही.

मानधन दिले की हिशेब संपला, हा युक्तिवाद २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर टिकतच नाही. त्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा, म्हणजे गाण्याच्या पुढील प्रत्येक व्यापारी वापरातून मिळणाऱ्या वाट्याचा, हक्क करार करूनही सोडून देता येणार नाही असा केला, आणि सादर करणाऱ्या कलावंताला आपले नाव जाहीर होण्याचा हक्क दिला. त्याच कायद्यात एक बारीक तरतूद आहे: चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच येत नाही, त्याला बहुतेक बाबतींत सादरकर्ता मानले जात नाही. म्हणजे नाव न लागणे हे हक्क जाण्याचे कारण होऊ शकते. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाला आकार देणारे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संगीत संयोजक, म्हणजे चालीभोवतीची वाद्यरचना बांधणारे, पडद्यावरच्या नावांत मागेच राहिले. गोन्साल्विस यांचे नाव देशभर पोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यातून, आणि तेही प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाहिलेल्या मानवंदनेमुळे. शिष्याने कृतज्ञता दाखवली हे थोर खरे, पण जे नाव नियमाने मिळायला हवे ते शिष्याच्या मोठेपणावर अवलंबून राहावे ही व्यवस्थेची शोभा नव्हे. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हे दोघे संयोजनाकडून स्वतंत्र संगीताकडे आले तेव्हा त्यांनी ‘अनिल–अरुण’ असे जोडनाव लावले, यातही होनाजी बाळाचीच रीत दिसते.

याच्या विरुद्ध टोकाचा पक्षही तपासला पाहिजे, कारण तरुण बँडांना तो फार आकर्षक वाटतो. बँड म्हटला की प्रत्येक गाणे सर्वांचे आणि वाटा समान, असे हा पक्ष म्हणतो, आणि क्वीनसारख्या बँडने १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून सर्व रचना बँडच्या नावाने दिल्या याचा दाखला देतो. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या चौघांनी भांडण टाळण्यासाठी स्वखुशीने केलेला असा करार आदरणीय आहे. पण तो करार आहे, सत्याचे वर्णन नव्हे. तो सर्वत्र लावला तर ज्या कवीने गाणे पुरे लिहून आणले त्याचा वाटा काल आलेल्या सभासदाकडे जातो, आणि हाही तितकाच अन्याय आहे.

समानतेचा हा नियम सर्वांत घातक ठरतो तो स्वप्नातल्या सहयोगात, म्हणजे एखाद्या जगप्रसिद्ध गिटारवादकाने आपल्या गाण्याला साथ करावी ही जी प्रत्येक होतकरू बँडची इच्छा असते, तिच्यात. असे सहयोग किती उंच जाऊ शकतात हे जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकिर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ने दाखवले. मॅक्लॉफ्लिनने त्यासाठी तरफांच्या तारा असलेले आणि पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट कोरलेले खास गिटार करवून घेतले, म्हणजे पाहुणा यजमानाच्या संगीताकडे स्वतः चालत आला. तरीही त्या काळच्या त्यांच्या बहुतेक रचनांखाली मॅक्लॉफ्लिन आणि शंकर या दोघांचीच नावे आहेत. तबला आणि घटम् यांनी उभारलेली लयीची इमारत रचना म्हणून गणली गेली नाही. लय ही ज्या संगीताची अर्धी काया आहे त्याचे हे मोजमाप अपुरे आहे, आणि हा दोष वादकांचा नसून फक्त स्वरालाच रचना मानणाऱ्या व्यापारी रिवाजाचा आहे. शाहिरी गाण्यांच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा असतो: पाहुण्याचे नाव ठळक अक्षरांत येते आणि शाहिराच्या नावाच्या जागी ‘पारंपरिक’ हा शब्द छापला जातो. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले; प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे त्यांच्या शब्दांबाबत २०६४ च्या अखेरीपर्यंत, टिकतो. अशा गाण्यांना पारंपरिक म्हणणे ही चूक नाही, अपहार आहे.

तेव्हा मंडनपक्ष असा. शब्द, चाल, वाद्यरचना आणि गायनवादन यांची नावे स्वतंत्र लावावीत. ज्या स्वरावलीवाचून किंवा ठेक्यावाचून गाणे ओळखू येत नाही तिच्या रचनाकाराला, तो गिटारवर असो वा ढोलकीवर, चालीचा सहकर्ता मानावे. ठरलेली चाल ज्याने कौशल्याने वाजवली त्याला सादरकर्त्याचा पूर्ण मान आणि हक्क द्यावा, पण कर्तृत्व देऊ नये. आणि ही वाटणी टक्क्यांसह ध्वनिमुद्रणाआधी, गाणे तालमीत बसले त्या दिवशीच, सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावी, कारण गाजलेल्या गाण्याची आठवण प्रत्येकाला वेगळी असते. तालमीत अशी बोलणी केली तर मैत्रीत वितुष्ट येते, ही भीती खरी आहे; पण फिशरला आपला वाटा मिळवायला ज्या वाटेने जावे लागले त्या मानाने हे वितुष्ट किरकोळ होय. नाशिकच्या एखाद्या बँडने वामनदादांचे गाणे गिटारवर नव्याने बांधले, तर गिटारच्या नव्या सुरावटीखाली ती रचणाऱ्याचे नाव अवश्य यावे, शब्दांवर मात्र त्याने हक्क सांगू नये, वारसांची परवानगी घ्यावी, आणि वेळ कितीही कमी असला तरी ज्यात ‘वामन’ हे नाव येते ते कडवे गाळू नये.