पाणचक्कीच्या आवारात

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच हिशेब: टक्के चांगले तर सायन्स, नाहीतर आर्ट्स. मीही याच हिशेबातून इंजिनिअर झालो. आपल्या पाणचक्कीला मात्र हा हिशेब ठाऊक नव्हता. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या एकाच आवारात मदरसा होता, ग्रंथालय होते आणि मातीच्या नळांतून आलेल्या पाण्यावर फिरणारे जातेही.

आज शहराच्या नावावर सगळे बोलतात. मलिक अंबरची नहर कशी चालायची, हे सांगणारे थोडेच. 2002 मध्ये अहमदाबादेत वली दखनीची मजार पाडून वर रस्ता केला गेला. त्यालाच वली औरंगाबादीही म्हणतात, हे आपल्यातल्या किती कोडर्सना माहीत आहे? इतिहास आपण कमी टक्केवाल्यांचा म्हणून सोडला आणि तो व्हॉट्सॲप फॉरवर्डच्या हाती गेला. त्याला उत्तर द्यायचे तर जुने कागद वाचावे लागतात, फारसी आणि मोडी यावी लागते. नुसत्या पायथनने भागत नाही. आणि मोडी येणाऱ्याच्या हातात हजारो कागद चाळणारे सॉफ्टवेअर द्यायचे, तर ते आपल्यालाच लिहावे लागेल.

मौलाना आझाद कॉलेजात कला आणि विज्ञान एकाच छत्राखाली शिकवतात. तिथे शिकत असाल, तर या आठवड्यात इतिहासाचा एखादा विद्यार्थी गाठा आणि दोघे मिळून पाणचक्कीवर जा.