पायाभरणी आधी, जमीन नंतर

बडोद्यात बुलेट ट्रेनचे खांब आणि गर्डर आता सर्वांच्या नजरेत भरतात. साहजिकच मंडळातील अनेक जण विचारतात, "काम तर झपाट्याने चालले आहे, मग मुंबईची गाडी कधी?" या प्रश्नाचे उत्तर बडोद्यात मिळणार नाही. ते मुंबई-ठाण्याच्या जमिनीखाली आहे.

इस्रायलचे भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 मध्ये 'द गोल' या कादंबरीतून 'थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स' मांडली. पुढे 1997 च्या 'क्रिटिकल चेन' या पुस्तकात तिचा प्रकल्पांसाठी विस्तार केला. सार सोपे आहे. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. तो मुख्य अडसर शोधा, बाकीची कामे त्याच्या गरजेनुसार आखा आणि तो सुटला की पुढचा अडसर शोधा. इतरत्र कितीही वेग वाढवला तरी शेवटची तारीख अलीकडे येत नाही.

आता आपल्या प्रकल्पाकडे पाहू. 508 किलोमीटरच्या या मार्गाची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 रोजी साबरमतीत झाली. महाराष्ट्रातील वाटा जेमतेम 156 किलोमीटरचा, पण अडसर तिथेच होता. खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयाची परवानगी डिसेंबर 2022 मध्ये मिळाली. विक्रोळीच्या जागेचा वाद 2023 मध्ये निकाली निघाला. बीकेसी ते शिळफाटा या 21 किलोमीटरच्या बोगद्याचे कंत्राट जून 2023 मध्ये झाले आणि संपूर्ण भूसंपादन जानेवारी 2024 मध्ये पूर्ण झाले. थोडक्यात, सर्वांत अवघड कामाचे कंत्राट पायाभरणीनंतर पावणेसहा वर्षांनी दिले गेले. जमीन मिळताच अडसर बोगद्याकडे सरकला. त्यातील सुमारे 5 किलोमीटरचा भाग सप्टेंबर 2025 मध्ये आरपार झाला. उरलेले 16 किलोमीटर, त्यात ठाणे खाडीखालचे 7, यंत्राने खोदायचे आहेत.

बँकेत कर्जाचे हप्ते सोडताना हेच दिसायचे. कारखान्याची इमारत, यंत्रे सारे तयार, पण वीजजोडणी नाही. कागदावर काम 90 टक्के, उत्पन्न शून्य आणि व्याज चालू. बुलेट ट्रेनच्या जपानी कर्जाचा व्याजदर 0.1 टक्के आहे, म्हणून व्याजाचा भार हलका. पण सिमेंट, पोलाद, मजुरी यांचे भाव थांबत नाहीत.

गुजरातमधील काम वाया गेले असे मात्र नाही. 40 मीटर लांबीचे, 970 टनांचे गर्डर अखंड बसवण्याचे कौशल्य इथे हाती आले. शिवाय गुजरातमधील पहिला टप्पा 2027 मध्ये सुरू करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. मुंबईची वाट न पाहता उपयोगी ठरेल असा टप्पा निवडणे, हा व्यवहारी निर्णय आहे.

पण अडसर म्हणजे गुन्हेगार, असे समजू नये. पालघरमध्ये ज्यांची शेते आणि घरे गेली, त्यांचे प्रश्न खरे होते. अडसर तिथे आहे हे दिसत असेल, तर सर्वांत अनुभवी अधिकारी, मोबदल्याचा पैसा आणि पुनर्वसनाची बोलणी पहिल्या दिवसापासून तिथेच लावायला हवीत. आपल्याकडे समारंभ आधी होतो आणि सातबारा नंतर उघडला जातो.

म्हणून यापुढे "इतके टक्के काम पूर्ण" अशी बातमी वाचली, की एक प्रश्न जरूर विचारावा: आज काम नेमके कुठे अडले आहे, आणि तिथे कोण बसले आहे?